तोरणमाळची सीताखाई : दर्शन, अभ्यास आणि अभ्यागताचे उत्तरदायित्व

प्रस्तावना

सातपुडा पर्वतातील तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याचे थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वपरिचित आहे. महाबळेश्वरनंतर राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे थंड हवेचे ठिकाण, असा त्याचा उल्लेख नेहमी केला जातो. खानदेशातील अनेक महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली येथे येतात. यशवंत तलाव, कमळ तलाव, गोरक्षनाथांचे मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा, खडकी पॉइंट आणि सीताखाई ही स्थळे एका दिवसात पाहून त्या परततात. या सर्व स्थळांत सीताखाईच्या वाट्याला बहुधा सर्वांत कमी वेळ येतो. कड्यावर उभे राहावे, खाली डोकावावे, छायाचित्र काढावे आणि वाहनाकडे परतावे, एवढ्यात पंधरा-वीस मिनिटे सरतात. सहलीच्या अहवालात मग ‘निसर्गरम्य दरी पाहिली’ असे एक वाक्य उरते.

हे एक वाक्य अपुरे का आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सीताखाईची घडण कशी झाली, कड्यावरून तिच्याकडे कसे पाहावे, तिच्या परिसराला कायद्याने कोणते संरक्षण लाभले आहे आणि त्या संरक्षणाचा भार प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर आहे, या चार प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचे उत्तर समजून घेतल्याशिवाय महाविद्यालयीन अभ्याससहल आणि साधी करमणुकीची सहल यांत फरक राहत नाही.

स्थान, मार्ग आणि नाव

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तोरणमाळ या जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात असून तालुक्याचे मुख्यालय धडगाव येथे आहे. पठाराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ११५० मीटर आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानकावरून शहाद्यास यावे लागते. तेथून म्हसावद-राणीपूर मार्गे तोरणमाळ सुमारे ५० ते ५५ किलोमीटर अंतरावर आहे. शेवटचा टप्पा ‘सात पायरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळणावळणाच्या घाटाचा आहे. तोरण नावाचे झाड आणि तोरणादेवी यांच्याशी या गावाच्या नावाचा संबंध जोडला जातो. खाईचे नाव लोकश्रद्धेने सीतेशी जोडले आहे.

‘खाई’ या शब्दाकडेही लक्ष दिले पाहिजे. मराठीत खोलगट भूरूपांसाठी अनेक शब्द आहेत. नदीला पाणी पुरवणारा सारा प्रदेश म्हणजे खोरे. दोन उंचवट्यांमधील सखल भाग म्हणजे दरी. अरुंद आणि उभ्या भिंतींची खोल दरी असेल, तर भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात तिला घळई म्हणतात. ‘खाई’ म्हणताना मात्र पायापाशी जमीन एकदम तुटल्याचा अनुभव सुचविला जातो. खोरे नकाशावर पाहता येते, दरी लांबूनही दिसते; खाई जाणवण्यासाठी तिच्या काठावर उभे राहावे लागते. स्थानिकांनी दिलेल्या नावातच हे स्थळ वरून पाहण्याचे आहे, ही जाण आहे असे म्हणता येईल.

खाईची घडण

सातपुडा हे गटपर्वताचे उदाहरण म्हणून शालेय स्तरापासून शिकविले जाते. उत्तरेस नर्मदेची खचदरी आणि दक्षिणेस तापीचे खोरे, यांच्या मधोमध हा पर्वत उभा आहे. तोरणमाळचे पठार दक्षिणेकडील तापीकाठच्या सपाट प्रदेशापेक्षा जवळपास एक हजार मीटरने उंच आहे. नकाशावरील अंतर थोडे आणि उंचीतील फरक मोठा असल्यामुळे पठारावरून उतरणाऱ्या ओढ्यांना प्रचंड वेग मिळतो. वेगवान पाणी तळ खोल करीत जाते आणि त्याच वेळी आपल्या उगमाच्या दिशेने मागे सरकत पठार पोखरत राहते. पठाराच्या कडा सरळ रेषेत न राहता आत घुसलेल्या खाचांसारख्या दिसतात, त्याचे कारण हेच होय.

येथील खडक दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या भेगी उद्रेकांतून लाव्हाचे थरावर थर पसरले. प्रत्येक थराचा मधला भाग संथपणे थंड झाल्याने घट्ट झाला; वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र राहिला. दोन उद्रेकांमध्ये मोठा अवधी गेला असेल तेथे खालच्या थरावर माती तयार झाली आणि नंतरच्या लाव्हाने ती भाजून निघाली. कड्यांच्या छेदात आढळणारे तांबडे पट्टे अशा मातीचे असतात. घट्ट खडक उभे कडे घडवितो, तर सच्छिद्र व कुजलेला भाग लवकर झिजून उतार किंवा टप्पा निर्माण होतो. एकाआड एक कडा आणि टप्पा यांमुळे सारी भिंत जिन्यासारखी दिसते. या खडकाला दिलेले ‘ट्रॅप’ हे नावसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. ‘सात पायरी’ घाटाचे नाव आणि भूशास्त्रातील ही संज्ञा एकमेकींपासून स्वतंत्रपणे रूढ झाल्या. पण दोन्हींच्या मागे पायऱ्यांचीच प्रतिमा आहे.

कडा उभाच का राहतो, याचेही उत्तर खडकातच आहे. लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात. पावसाचे पाणी व झाडांची मुळे या भेगांत शिरतात. खालचा मऊ थर झिजला की वरचा घट्ट खडक आधार गमावतो आणि उभ्या भेगेवर तुटून खाली पडतो. कडा अशा रीतीने मागे सरकतो, परंतु त्याचा उभेपणा कायम राहतो. कड्याच्या टोकावरील दगड वरून भक्कम दिसला तरी खालून पोकळ असू शकतो, ही सूचना विद्यार्थ्यांना दटावून सांगण्यापेक्षा या प्रक्रियेच्या आधारे समजावून दिल्यास अधिक परिणामकारक ठरते.

सीताखाईची तुलना अनेकदा अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनशी केली जाते. दोन्हीकडे थर दिसतात, हे खरे. मात्र त्या थरांचा अर्थ भिन्न आहे. ग्रँड कॅन्यनच्या वरच्या भिंतींतील बहुतेक थर समुद्रात, किनाऱ्यावर वा वाळवंटात साचलेल्या गाळाचे आहेत आणि तळाशी सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत. सीताखाईच्या भिंती अग्निजन्य आहेत आणि भूशास्त्रीय मापाने फार थोड्या काळात रचल्या गेल्या आहेत. तेथे दीर्घकाळ साचत गेलेल्या गाळाचा इतिहास वाचावयाचा, तर येथे एकामागून एक आलेल्या लाव्हाप्रवाहांचा. आकाराने लहान असल्यामुळे सीताखाईला कमी लेखण्याचे कारण नाही. तिचा विषयच वेगळा आहे.

कड्यावरून पाहण्याची रीत

सीताखाईचा कडा पठारावरच असल्याने तेथवर पोहोचण्यास मोठी चढाई करावी लागत नाही. यशवंत तलावाचा काठ, खाईचा कडा आणि आसपासच्या छोट्या पायवाटा अर्ध्या दिवसात सावकाश पाहता येतात. खडकी पॉइंटकडील पदभ्रमण त्या मानाने लांबचे असून त्यासाठी स्थानिक वाटाड्या सोबत घेणे इष्ट होय.

ऋतूची निवड उद्देशानुसार करावी. जुलै ते सप्टेंबर या काळात पठारावरचे पाणी कड्यावरून कोसळते आणि सारा परिसर हिरवागार होतो. परंतु धुके उतरले की समोरची भिंत तासन्‌तास दिसत नाही आणि ओला बेसाल्ट अत्यंत निसरडा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असते व पाण्याचे प्रवाहही टिकून असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग व इतर वृक्षांची पानगळ झालेली असते. पर्यटकाला हा काळ रूक्ष वाटेल. खडकाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हाच अनुकूल, कारण पानांआड झाकलेले थर तेव्हा उघडे पडतात. महाशिवरात्रीच्या सुमारास गोरक्षनाथांची यात्रा भरते. त्या दिवसांत लोकजीवनाच्या अभ्यासाला वाव असतो, पण निवांत निरीक्षण शक्य होत नाही.

वेळेचेही तसेच आहे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात भिंत सपाट भासते. सकाळी व संध्याकाळी किरणे तिरपी पडतात, टप्प्यांच्या सावल्या लांबतात आणि थर मोजता येण्याइतके ठळक होतात. बहुसंख्य सहली सकाळी निघून नेमक्या दुपारी कड्यावर पोहोचतात. वेळापत्रकात दोन-तीन तासांचा फेरबदल केला तरी हा तोटा टळू शकतो.

खाईत उतरण्याचा मोह तरुणांना होणे स्वाभाविक आहे. तो टाळण्यास सुरक्षिततेखेरीज आणखी एक कारण आहे. कड्याखाली साठलेला दगडगोट्यांचा उतार मुळात अस्थिर असतो. त्यावर तग धरलेली माती आणि झुडपे वारंवार पाय पडल्याने उखडतात. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेनेच वाहू लागते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायवाटेचा ओहोळ होऊ शकतो. आखलेल्या वाटेने जावे व कड्यावर थांबावे, या साध्या शिस्तीमुळे शेकडो पावलांचा परिणाम एका अरुंद पट्ट्यापुरता मर्यादित राहतो. संरक्षित प्रदेशांत आखूड पायवाटा व निरीक्षणस्थळे यांना महत्त्व दिले जाते ते याच कारणाने.

वन आणि रानपिंगळा

या परिसराचे वन शुष्क पानझडी प्रकारचे असून साग हा त्यातील प्रमुख वृक्ष आहे. मोह, चारोळी यांसारख्या झाडांवर भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या उपजीविकेचा काही भाग अवलंबून असतो. आंब्याच्या फोडी वाळवून केलेला आमचूर ही अक्राणी परिसराची विशेष ओळख आहे.

पक्षिशास्त्राच्या इतिहासात या जिल्ह्याचे स्थान रानपिंगळ्यामुळे अढळ झाले आहे. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहान घुबडाचे प्रथम वर्णन केले. १८८० च्या दशकात जे. डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय नोंदच उरली नाही. दरम्यान रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे तो मिळविल्याचा दावा केला होता. त्यांचा नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता, असे पुढील संशोधनातून सिद्ध झाले. ही बनावट नोंद बाजूला सारून पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी हा पक्षी अभ्यासकांच्या दृष्टीस पडला. त्यानंतरच्या अभ्यासात तोरणमाळचे वन हे त्याचे एक महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे आढळले. आंतरराष्ट्रीय लाल सूचीत तो आज ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. २०१८ पूर्वी तो ‘अतिसंकटग्रस्त’ मानला जात होता.

रानपिंगळा दिवसाही वावरतो आणि उघड्या फांदीवर बसतो. त्यामुळे मोठ्या आवाजातील संगीत, ध्वनिमुद्रित साद ऐकवून त्याला जवळ बोलावणे किंवा घरट्याच्या झाडाभोवती गर्दी करणे यांचा त्याला थेट उपद्रव होतो. या इतिहासातून प्राध्यापकांसाठी आणखी एक बोध निघतो. एका खोट्या नोंदीमुळे शोधाची दिशा चुकली आणि जुन्या प्रामाणिक नोंदींमुळे ती सापडली. विद्यार्थ्याने वहीत लिहिलेली तारीख, वेळ, स्थळ आणि निरीक्षण ही औपचारिकता नाही, हे पटविण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

संरक्षणाचा कायदेशीर अर्थ

२०१६ मध्ये राज्य शासनाने तोरणमाळ परिसरातील ९३.४२ चौरस किलोमीटर वनक्षेत्र ‘संवर्धन राखीव’ म्हणून घोषित केले. पूर्वेकडे जळगाव जिल्ह्यातील यावल आणि धुळे जिल्ह्यातील अनेर धरण ही अभयारण्ये आहेत, तर पश्चिमेस गुजरातमधील शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. सातपुड्याच्या या साखळीत तोरणमाळचे वन मधल्या दुव्यासारखे आहे.

संवर्धन राखीव ही संज्ञा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाली. कलम ३६-अ नुसार शासनाच्या मालकीचे क्षेत्र, स्थानिक समुदायांशी विचारविनिमय करून, असे घोषित करता येते. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांच्याशी तुलना केली असता या तरतुदीचे वैशिष्ट्य ध्यानात येते. अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध घालणारे कलम २७ चे पहिले पोटकलम संवर्धन राखीव क्षेत्राला लागू केलेले नाही. पोटकलम २, ३ व ४ मात्र लागू आहेत. चौथ्या पोटकलमानुसार वन्य प्राण्याला त्रास देणे आणि क्षेत्रात कचरा टाकणे यांस मनाई आहे. कलम ३० धोकादायक रीतीने आग पेटविण्यास किंवा पेटती ठेवण्यास, तर कलम ३२ हानिकारक रसायने व स्फोटके वापरण्यास प्रतिबंध करते. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे, आणि आत आल्यावरचे वर्तन बांधून दिले आहे. कड्यावर फेकलेली प्लास्टिकची पिशवी हा केवळ असभ्यपणाचा विषय राहत नाही.

येथे एक विषमता लक्षात घेतली पाहिजे. याच कलमाचे दुसरे पोटकलम क्षेत्रात राहणाऱ्या व्यक्तीवर अधिक कर्तव्ये टाकते. गुन्हा घडू न देणे, गुन्हेगाराच्या शोधास साहाय्य करणे, वन्य प्राण्याच्या मृत्यूची खबर देणे आणि माहीत झालेली आग विझविणे, हे सारे रहिवाशाचे कायदेशीर बंधन आहे. पर्यटक पेटती काडी टाकून संध्याकाळी शहाद्याला परत जाऊ शकतो. वणवा पेटला तर तो विझविण्यास धावण्याचे बंधन मागे राहिलेल्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबावर आहे. सौंदर्याचा उपभोग एकाने घ्यावा आणि रक्षणाचे ओझे दुसऱ्याने वाहावे, अशी ही रचना होते. अभ्यागताने आपले वर्तन ठरविताना ही बाब विसरता कामा नये.

कायद्यात या विषमतेवर काही उपायही आहे. कलम ३६-ब नुसार संवर्धन राखीव क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि तीत संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा लागतो. अक्राणी तालुका पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने तेथे १९९६ च्या पेसा कायद्यान्वये ग्रामसभेला विशेष स्थान आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे ज्यांच्यावर कर्तव्ये आहेत त्यांना निर्णयातही वाटा मिळावा, ही दिशा कायद्यातच आहे. ती प्रत्यक्षात उतरण्यासाठी बाहेरून येणाऱ्यांनीही गावाला केवळ चहाच्या टपरीचे ठिकाण न मानता या वनाचे व्यवस्थापक म्हणून ओळखले पाहिजे.

अभ्याससहलीचे नियोजन

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी पर्यावरण अभ्यासाचा जो सहामाही अभ्यासक्रम तयार केला, त्यात स्थानिक नदी, वन, गवताळ प्रदेश वा डोंगर यांना भेट देऊन तेथील पर्यावरणीय संपत्तीची नोंद करण्याचे क्षेत्रकार्य अंतर्भूत होते. आपल्या विभागातील महाविद्यालयांना त्यासाठी सीताखाईइतके समृद्ध स्थळ क्वचितच मिळेल. काही सूचना येथे मांडाव्याशा वाटतात.

पहिली सूचना गटाच्या आकाराची. पन्नास विद्यार्थ्यांनी एकदम कड्यावर जाण्याऐवजी दहा-बारा जणांचे गट करावेत. एक गट कड्यावर, दुसरा तलावाकाठी, तिसरा गावात, अशी आळीपाळी ठेवावी. दुसरी सूचना शांततेची. प्रत्येक गटाने कड्यावर अर्धा तास न बोलता बसावे आणि समोरच्या भिंतीचे रेखाचित्र काढावे. कडे किती, टप्पे किती, झाडी कोणत्या टप्प्यावर दाट आहे, पाण्याची खूण कोठे आहे, हे काढताना प्रत्येक रेषेसाठी नीट पाहावेच लागते. छायाचित्रात ती सक्ती नसते. तिसरी सूचना खर्चाची. वाटाड्याचे मानधन आणि जेवणाचा खर्च शक्यतो गावातच व्हावा, आणि सहलीत निर्माण झालेला सारा कचरा वाहनातून परत न्यावा.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थी सातपुड्यातील पाड्यांवरूनच येतात. एखाद्या पावरा विद्यार्थ्याला वाटेतील झाडांची नावे, त्यांचे उपयोग, कोणत्या महिन्यात काय गोळा करावयाचे, हे घरीच शिकायला मिळालेले असते. प्रचलित सहलीत मात्र त्याला इतरांबरोबर रांगेत उभे करून त्याच्याच डोंगराची माहिती छापील पत्रकातून वाचून दाखविली जाते. अशा विद्यार्थ्याची इच्छा विचारून त्याला त्या दिवसापुरते मार्गदर्शकाचे स्थान द्यावे. पावरी वा भिलोरी नावे मराठी व शास्त्रीय नावांशेजारी नोंदवावीत. गावातील वडीलधाऱ्यांशी संवाद त्याच्या साहाय्याने आणि त्यांच्या संमतीने करावा. यातून तयार होणारी नोंद महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपून ठेवावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी.

समारोप

सीताखाई हे बेसाल्टच्या थरांत कोरलेले, सागवनाने वेढलेले आणि एका दुर्मीळ पक्ष्याच्या अधिवासाशी जोडलेले स्थळ आहे. तेथवर जाणे सोपे आहे आणि कायद्यानेही ती वाट मोकळी ठेवली आहे. या सुलभतेमुळेच तेथील संरक्षण येणाऱ्याच्या समजुतीवर विसंबून राहते. कड्यावर थांबणे, वाट न सोडणे, आग व कचरा मागे न ठेवणे आणि गावाचा अधिकार मानणे, एवढ्या गोष्टी प्रत्येक सहलीला आपल्या हातून करता येण्यासारख्या आहेत. आपल्या सहली आल्या तशा परतल्या तर तेथे राहणाऱ्यांच्या माथ्यावर आधीच असलेला भार वाढणार नाही. आणि त्या काही प्रामाणिक नोंदी देऊन परतल्या तर तो थोडासा हलकाही होऊ शकेल.